कार्य म्हटलं की कर्ता आलाच का?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेस. घरी बाबा म्हणतात, ‘घड्याळ दिसलं की ते बनवणारा कोणीतरी असणार हे आपण मानतोच ना? मग एवढं जग आपोआप कसं होईल?’ कॉलेजातले मित्र त्यावर म्हणतात, ‘मग देवाला कोणी बनवलं?’ आणि तिथेच बोलणं थांबतं. तू विचारलं आहेस की यांत बरोबर कोण, निव्वळ तर्काने ईश्वर सिद्ध होतो का, आणि बाबांशी भांडण न होता यावर बोलायचं कसं.

मी तीसेक वर्षं नागपुरात तत्त्वज्ञान शिकवलं. त्यातली बरीचशी वर्षं न्यायदर्शन, म्हणजे तर्कावर भर देणारं आपलं जुनं दर्शन, आणि बौद्ध तर्कशास्त्र यांत गेली. हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारायचंच, आणि आपल्या शहरात तो नुसता पुस्तकी राहत नाही. एका वर्षी पहिल्याच बाकावर दोन मुली शेजारी बसायच्या. एक सकाळी टेकडीच्या गणपतीचं दर्शन घेऊन वर्गात यायची. दुसरीच्या आजी-आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांच्या हातून दीक्षा घेतली होती. ब्रह्मा-विष्णू-महेश यांना देव मानणार नाही, ही प्रतिज्ञा त्यांच्या घरात लहान मुलांनाही पाठ होती. या दोघींसमोर ईश्वर सिद्ध करणारा न्यायदर्शनातला उदयनाचार्य आणि तो खोडून काढणारा बौद्ध धर्मकीर्ती शिकवायचा, तर एक पथ्य पाळावंच लागतं. ज्याची बाजू मांडतोय त्याला ती ऐकताना वाटलं पाहिजे की हो, मला हेच म्हणायचं होतं. ते पथ्य इथेही पाळतो. माझं मत जिथे येईल तिथे ते माझं म्हणूनच सांगेन.

आधी मित्रांचं बघू. ‘देवाला कोणी बनवलं?’ हा प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो, पण तो लागू पडतो फक्त ‘प्रत्येक गोष्टीला कर्ता असतो’ असं म्हणणाऱ्याला. असं कुठलाही जबाबदार ईश्वरवादी म्हणत नाही. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारा, म्हणतो, जे ‘कार्य’ आहे, म्हणजे आधी नव्हतं आणि नंतर झालं, त्याला कर्ता असतो. परमाणू, आकाश, काळ, आत्मे हे त्याच्या मते नित्य आहेत. ते ईश्वरानेही बनवलेले नाहीत. इस्लामी परंपरेतला अल गझाली (मृत्यू ११११) म्हणतो, ज्याला सुरुवात आहे त्याला कारण आहे. ईश्वराला सुरुवातच नाही असं जो म्हणतो, त्याला ‘सुरुवात कोणी केली?’ असं विचारणं म्हणजे त्याचं वाक्य अर्धंच ऐकणं. मित्रांनी विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे. कधीतरी, कुठेतरी अनादी असं काहीतरी मानावंच लागणार असेल, तर तो ईश्वरच का? जगच अनादी का मानू नये? या प्रश्नाचं उत्तर सोपं नाही. त्याच्याकडे नंतर येतो.

आता बाबांचं घड्याळ. हा दाखला विल्यम पेली या इंग्रज धर्मोपदेशकाने १८०२ साली प्रसिद्ध केला आणि तो जगभर पोचला. पण हाच विचार आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून, आणि मला वाटतं जास्त काटेकोरपणे, मांडला गेलेला आहे. नैयायिकांचं अनुमान असं: पृथ्वी, अंकुर वगैरे गोष्टींना कर्ता आहे, कारण त्या कार्य आहेत, जसा घडा. ‘क्षित्यंकुरादिकं सकर्तृकं, कार्यत्वात्, घटवत्.’ यात सिद्ध करायचं काय, त्याला हेतू कोणता आणि दृष्टांत कोणता, हे तीन तुकडे सुटे दिसतात. म्हणून कुठे धक्का मारायचा हेही लगेच कळतं. पेलीच्या घड्याळात हे सगळं एका गोड चित्रात विरघळून जातं.

कर्ता म्हणजे काय हेही त्यांनी मोघम सोडलेलं नाही. ज्या मालमसाल्यातून वस्तू घडते त्याचं प्रत्यक्ष ज्ञान, ती घडवण्याची इच्छा, आणि तसा प्रयत्न, हे तिन्ही ज्याच्या ठायी आहेत तो कर्ता. कुंभाराला माती कळते, घडा करावासा वाटतो, आणि तो चाक फिरवतो. मग जगाचा कर्ता ठरवायचा तर त्याला परमाणूंपर्यंतच्या सगळ्या मालाचं ज्ञान हवं. म्हणून तो सर्वज्ञ. एका ओळीच्या अनुमानातून ते सर्वज्ञतेपर्यंत कसे पोचतात ते बघ. मला आजही या बांधणीचं कौतुक वाटतं.

याला घाव कुठे बसतो ते मला वर्गात नीट समजावता यायचं नाही. ते एकदा जुनापाणीला समजलं.

काटोल रोडने शहराबाहेर पडलं की जुनापाणीची शिलावर्तुळं लागतात. काळ्या दगडांची मोठमोठी वर्तुळं, सुमारे ३००, माळावर पसरलेली. लोहयुगातल्या लोकांनी आपल्या मृतांसाठी रचलेली. १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांतल्या काहींचं उत्खनन केलं होतं. काही दगडांवर वाटीसारखे गोल खळगे रांगेने कोरलेले आहेत. एका डिसेंबरात एम. ए.च्या मुलांना घेऊन मी तिथे गेलो होतो. एका वर्तुळाच्या कडेला, दोन दगडांच्या मधोमध, कमरेइतकं उंच वारूळ उभं होतं. तिथे बकऱ्या चारणारे एक काका आमच्याजवळ येऊन थांबले. एका मुलीने त्यांना विचारलं, ‘काका, हे कोणी केलं?’ ते म्हणाले, ‘गोटे तं मानसाईनं मांडले असतीन. आपोआप असे गोल थोडेच बसतेत?’ मग काठीने वारूळ दाखवून म्हणाले, ‘अन् हे वारूय उधईनं केलं.’

मी मुलांना तिथेच खाली बसवलं. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने ‘प्रमाणवार्तिका’त नेमका हाच दृष्टांत दिला आहे. घडा मातीचा विकार आहे आणि तो कुंभार करतो, एवढ्यावरून ‘मातीचा प्रत्येक विकार कुंभार करतो’ असं ठरवलंस, तर वारूळही कुंभारानेच केलं म्हणावं लागेल. वर्तुळातल्या दगडांना रचना आहे, वारुळालाही रचना आहे. आत हवा खेळती राहील अशा नळ्या, खोल्या, मजले. रचना म्हणून वारूळच जास्त गुंतागुंतीचं. तरी एकाला आपण माणूस कर्ता देतो आणि दुसऱ्याला नाही. कशामुळे? माणसं दगड मांडताना आपण पाहिली आहेत, आणि उधई वारूळ करताना पाहिली आहे. ‘रचना आहे म्हणून बुद्धिमान कर्ता’ असा नियम आपण कधीच वापरत नाही. या जातीची रचना या जातीच्या कर्त्याकडून होते, हे अनुभवाने बांधलेलं नातं आपण वापरतो. त्यालाच व्याप्ती म्हणतात. धूर आणि अग्नी यांची व्याप्ती स्वयंपाकघरात हजारदा पाहिलेली असते, म्हणून डोंगरावर धूर दिसला की अग्नीचं अनुमान करता येतं.

धर्मकीर्ती पुढे आणखी एक पाऊल टाकतो, आणि मला ते सर्वांत धारदार वाटतं. तो म्हणतो, निव्वळ शब्द एक आहे म्हणून वस्तू एक होत नाही. धूर पांढुरका असतो. म्हणून पांढुरकं दिसलं की अग्नी आहे असं अनुमान करशील का? थंडीत पहाटे अंबाझरी तलावावर पांढुरकं काहीतरी तरंगत असतं. ते धुकं आहे हे नागपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. कोणी अग्निशमन दलाला फोन करत नाही. तसंच ‘कार्य’ हा शब्द घड्यालाही लागतो आणि पृथ्वीलाही लागतो, पण घडा ज्या अर्थाने कार्य आहे त्याच अर्थाने पृथ्वी कार्य आहे का, हे आधी दाखवायला हवं. कुंभाराला चाकापाशी बसलेलं आपण पाहिलं. पृथ्वी घडताना पाहिलेला कोण आहे?

नैयायिकही गप्प बसणारा नाही. तो म्हणतो, स्वयंपाकघरातला अग्नी चुलीतला असतो, डोंगरावरचा चुलीतला नसतो. तरी अनुमान चालतंच ना? दृष्टांतातले फुटकळ तपशील गळून पडतात, मूळ नातं टिकतं. ‘कुंभाराला शरीर आहे, मग ईश्वरालाही हवं’ या आक्षेपाला तो असंच उत्तर देतो: शरीर हा चुलीसारखा तपशील आहे, ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न एवढंच मूळ. हे उत्तर चतुर आहे. पण मला ते पुरेसं वाटत नाही, कारण शरीर नसलेल्या कोणी प्रयत्न केलेला आपण एकदाही पाहिलेला नाही. चुलीशिवायचा अग्नी तर वणव्यात, शेतात, स्मशानात सगळीकडे दिसतो. तपशील कोणता आणि मूळ कोणतं, हेही अनुभवच ठरवतो.

म्हणजे घड्याळाच्या रूपातला युक्तिवाद माझ्या मते टिकत नाही. डार्विनने १८५९ मध्ये नैसर्गिक निवड मांडल्यावर डोळ्याच्या आणि पंखाच्या रचनेचं दुसरं स्पष्टीकरणही मिळालं, हे तुला माहीत आहेच. पण डार्विन नसता तरी व्याप्तीचा प्रश्न उभाच होता.

बाबांना एक गोष्ट जरूर सांग, कारण ती ऐकून पुष्कळ भाविक माणसं चकित होतात. या अनुमानावर सर्वांत कडक टीका करणाऱ्यांत स्वतः वैष्णवांचे आचार्य रामानुज आहेत. ब्रह्मसूत्र या वेदान्ताच्या मूळ ग्रंथातल्या ‘शास्त्रयोनित्वात्’ या सूत्रावर भाष्य करताना ते म्हणतात की ईश्वर शास्त्रातूनच कळतो, अनुमानातून नाही. आणि ते नुसतं म्हणून थांबत नाहीत, अनुमान मोडून दाखवतात. जग कार्य आहे असं मानलं, तरी ते एकानेच केलं कशावरून? मोठा वाडा बांधायला अनेक कारागीर लागतात. सगळं एकाच वेळी झालं कशावरून? वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या कर्त्यांनी केलेलं असू शकतं. जवळजवळ हेच म्हणणं स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमच्या संवादांत येतं, जे त्याच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये छापले गेले. एक ईश्वराचा परम भक्त, दुसरा संशयवादी, मधे सहाशेहून जास्त वर्षं. आणि अनुमानातली फट दोघांना एकाच जागी दिसते. हे वाचताना पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला होता. अनुमान नाकारणं म्हणजे ईश्वर नाकारणं नव्हे, हे मला रामानुजांनी शिकवलं.

उलटंही खरं आहे. वेद प्रमाण मानणारा कुमारिल भट्ट जगाचा कर्ता मानत नाही. त्याचा प्रश्न साधा आहे: कशासाठी? ‘प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते’, काही हेतू असल्याशिवाय मंदबुद्धीचा माणूससुद्धा कामाला लागत नाही. करुणेपोटी जग केलं म्हणावं, तर सृष्टीच्या आधी करुणा करायला दुःखी जीव होते कुठे? आणि करुणेने केलं असतं तर सुखाचंच केलं असतं. आपल्याकडे आस्तिक म्हणजे देव मानणारा आणि नास्तिक म्हणजे न मानणारा असा सरळ हिशेब दर्शनांच्या परंपरेत नव्हता, हे यातून तुझ्या लक्षात येईल. सांख्यसूत्रांतही ‘ईश्वरासिद्धेः’ असं सूत्र आहे.

उदयनाचार्यांबद्दल मात्र अजून थोडं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दहाव्या शतकाच्या शेवटाकडचा हा मैथिल पंडित. ‘न्यायकुसुमांजली’ या ग्रंथाच्या पाचव्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, त्याने एकाच श्लोकात ईश्वराची प्रमाणं गुंफली आहेत: कार्य, आयोजन, धृती, पद, प्रत्यय, श्रुती, वाक्य, संख्याविशेष. बहुतेक लोक पहिल्यावरच थांबतात. मला शेवटचं सर्वांत विलक्षण वाटतं. त्याचा विचार असा: परमाणूंना स्वतःचा असा मोठेपणा नाही. दोन परमाणू जुळून द्व्यणुक होतं, तेव्हा त्याचं परिमाण येतं कुठून? ‘दोन’ या संख्येतून. पण न्याय-वैशेषिक मतानुसार ‘दोन’पण वस्तूत आपलं आपण बसलेलं नसतं, ‘हे एक, हे एक’ असं मोजणारी बुद्धी असेल तेव्हाच ते उत्पन्न होतं. मग सृष्टीच्या आरंभी, जेव्हा कोणीच जीव जागा नव्हता, तेव्हा मोजलं कोणी?

तू अभियंता होणार आहेस, तुला लगेच वाटेल की हे परमाणुशास्त्र आता कोणी मानत नाही. खरं आहे, आणि त्यामुळे हा युक्तिवाद आज उभा राहत नाही. पण त्यामागचा प्रश्न वारलेला नाही. संख्या, गणिताची नाती ही कोणाच्या तरी बुद्धीत असतात, की कोणी नसतानाही असतात? निसर्ग गणिताला इतका का जुळतो? गणिताच्या तत्त्वज्ञानात यावर आजही गंभीर वाद चालू आहे. वर्गात या श्लोकाला मी दोन दोन आठवडे द्यायचो, आणि अभ्यासक्रम मागे पडायचा.

आता मला स्वतःला जो युक्तिवाद अजून सोडत नाही, त्याकडे येतो. त्याला रचनेशी काही देणंघेणं नाही. तो नुसत्या ‘असण्या’बद्दल आहे. ख्रिस्ती धर्मपंडित अक्वायनसने तेराव्या शतकात आणि जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने १७१४ च्या सुमारास तो वेगवेगळ्या रीतीने मांडला. लायब्निझचा प्रश्न असा: काहीच नसण्याऐवजी काहीतरी आहे, ते का?

याचं मर्म कळायला साखळीचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. काटोल-नरखेडकडे कोणाची संत्र्याची बाग असेल तर डोळ्यांसमोर आण. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करतात. तो डोळा ज्या झाडाचा, तेही कधीतरी दुसऱ्या झाडाच्या डोळ्यापासून झालेलं, आणि ते तिसऱ्यापासून. ही झाली मागे जाणारी साखळी. तिच्यातलं जुनं झाड केव्हाच वाळून गेलं असलं तरी आजचं झाड आंबिया बहाराला फुलतं. अशी साखळी मागे कितीही गेली, अगदी अनादी असली, तरी त्यात मला काही विसंगत दिसत नाही. अक्वायनसही म्हणतो की जगाला सुरुवात होती हे तर्काने सिद्ध होत नाही.

दुसरी साखळी त्याच बागेत, याच क्षणी चालू आहे. ठिबकच्या तोटीतून थेंब पडतोय, कारण बारीक नळीत पाणी आहे. नळीत आहे, कारण मोठ्या पाइपात आहे. पाइपात आहे, कारण पंप चालू आहे. यातली एक कडी आत्ता तुटली की थेंब आत्ता थांबतो. आणि मुख्य म्हणजे, पाइप स्वतः पाणी तयार करत नाही. तो घेतलेलं पुढे देतो. असे पाइप तू मैलोगणिक जोडलेस, अगदी अनंत जोडलेस, तरी तोटीला थेंब येणार नाही. कुठेतरी विहीर हवी.

युक्तिवाद म्हणतो की वस्तूंचं ‘असणं’ हे पाइपातल्या पाण्यासारखं आहे. मी आहे, पण नसूही शकलो असतो. हे शहर, ही पृथ्वी, सूर्य, सगळं असंच. असूही शकतं, नसूही शकतं. तत्त्वज्ञानाच्या मराठीत याला आपातिक म्हणतात. सगळंच आपातिक असेल, सगळेच घेऊन पुढे देणारे असतील, तर असणं आलं कुठून? जे स्वतःच्या बळावर आहे, ज्याचं नसणं शक्यच नाही, असं काहीतरी हवं. लक्षात घे, इथे जगाला सुरुवात होती की नाही याने काही फरक पडत नाही. म्हणून महास्फोटाच्या बातम्यांनी हा युक्तिवाद बळकटही होत नाही आणि मोडतही नाही.

यावरचे आक्षेप तितक्याच गांभीर्याने घे. १९४८ मध्ये बीबीसीवर फादर कॉपलस्टन आणि बर्ट्रांड रसेल यांचा यावर वाद झाला. रसेल म्हणाला, प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून मानवजातीला आई असते असं होत नाही. सुट्या वस्तूंना लागू पडणारी गोष्ट सगळ्या विश्वाला लागू पडेलच असं नाही. विश्व आहे, एवढंच. मला हे उत्तर अर्धंच पटतं. काही गुण भागांकडून पूर्णाकडे जातात, काही जात नाहीत. प्रत्येक फरशी लहान म्हणून अंगण लहान होत नाही. पण प्रत्येक फरशी लाल असेल तर अंगण लाल असतं. आपातिकपणा यांतला कोणत्या जातीचा, हे रसेलने दाखवलं नाही, आणि कॉपलस्टननेही पूर्ण दाखवलं असं मला वाटत नाही. दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो: असणं हे पाण्यासारखं सतत पुरवावं लागतं कशावरून? माळावरचा गोटा हलवायला जोर लागतो. तो नुसता असायला काय लागतं?

आणि समजा विहीर मान्य केली. ती विहीर म्हणजे बाबांचा देव आहे का? तिला ज्ञान आहे का, ती हाक ऐकते का, तिला आपली माया आहे का? यांतलं काहीही या युक्तिवादात नाही. मित्रांच्या बाजूने मी जो प्रश्न सुरुवातीला राखून ठेवला होता तो इथे पूर्ण जोराने येतो: ती विहीर भौतिक विश्वाचाच एखादा मूळ थर का नसावी? अक्वायनसने पुढच्या पानांवर हे अंतर भरायचा फार मोठा प्रयत्न केला आहे. तो वाचण्यासारखा आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी पहिल्या पायरीइतकी पक्की नाही.

बाकीच्या दोन-तीन प्रकारांवर फार वेळ घालवत नाही. अन्सेल्म या ख्रिस्ती धर्मपंडिताने १०७७-७८ च्या सुमारास म्हटलं की ज्याहून मोठं काही कल्पिता येत नाही ते नुसतं मनात असून भागणार नाही, नाहीतर प्रत्यक्षात असलेलं त्याहून मोठं ठरेल. त्याच्याच काळात गौनिलो नावाच्या भिक्षूने याच रीतीने एक सर्वोत्तम बेटही सिद्ध करून दाखवलं. आणि जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१ मध्ये सांगितलं की ‘असणं’ हा वस्तूच्या वर्णनात भर घालणारा गुणच नव्हे, मनातल्या शंभर नाण्यांच्या वर्णनात आणि खिशातल्या शंभर नाण्यांच्या वर्णनात एका पैशाचाही फरक नसतो. गोडेलसारख्या तर्कशास्त्रज्ञाने याची नवी मांडणी केली आहे, पण मला त्यातून ईश्वरापेक्षा तर्कशास्त्राबद्दलच जास्त शिकायला मिळालं. महास्फोटाबद्दल एवढंच: विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं आहे यावरून ‘सुरुवात झाली, म्हणून कर्ता’ असं थेट म्हणू नकोस. हा सिद्धांत मांडणारा जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता, आणि १९५१ मध्ये पोपनी आपल्या भाषणात या सिद्धांताचा संबंध सृष्टीच्या निर्मितीशी जोडला तेव्हा ते त्यालाच रुचलं नव्हतं. निसर्गाची स्थिरांकं जीवसृष्टीला नेमकी जुळतात, हा अलीकडचा युक्तिवाद तू ऐकला असशील. तिथेही व्याप्तीची तीच अडचण येते; विश्व आपण एकच पाहिलं आहे, शक्यता मोजायची कशाच्या तुलनेत?

एक गोष्ट मात्र मला सावकाश सांगायची आहे. दुःखाचा प्रश्न. ब्रह्मसूत्रात ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्’ असं सूत्र आहे: ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा दोष येत नाही, कारण तो जीवांच्या कर्मानुसार देतो. शंकराचार्य तिथे पावसाचा दृष्टांत देतात. पाऊस सगळ्यांना सारखा; भात उगवतो की जव, हे बियाण्यावर ठरतं. मी हे वर्गात बरीच वर्षं शिकवत होतो. एका वर्षी यवतमाळकडचा एक मुलगा वर्गात होता. घरी कापूस, त्या साली दुबार पेरणी करावी लागली होती. तो उभा राहून म्हणाला, ‘सर, धुऱ्याच्या पलीकडे पाऊस पडला, आमच्या वावरात नाही पडला. बी दोघांचंही एकाच दुकानातलं होतं.’

मी त्याला शास्त्रातलं पुढचं उत्तर दिलं, की बी म्हणजे इथे पूर्वकर्म आणि कर्माची साखळी अनादी आहे, पुढचं सूत्रच तसं आहे. तो शांतपणे ‘बरं’ म्हणाला आणि खाली बसला. उत्तर तर्काच्या दृष्टीने चुकीचं नव्हतं. पण ‘बाबांनी मागे काहीतरी केलं असेल’ एवढंच त्या मुलाला त्यातून ऐकू आलं असणार, हे मला घरी जाताना कळलं. पुढच्या तासाला मी त्याची सगळ्यांसमोर माफी मागितली. तेव्हापासून हा युक्तिवाद शिकवताना मी आधी एक सांगतो: हे उत्तर ईश्वराची बाजू सांभाळण्यासाठी आहे, ज्याच्या घरी दुःख आहे त्याला द्यायचं हे उत्तर नाही. आणि ज्या उत्तराला दुःखी माणसासमोर उभं राहता येत नाही, त्याच्या पुरेपणाबद्दल मला शंका आहे.

तू मला स्पष्ट विचारलंस म्हणून स्पष्ट सांगतो. तर्काने ईश्वर सिद्ध होतो असं मला वाटत नाही. तर्काने तो नाही असं सिद्ध होतं, असंही वाटत नाही. ‘काहीतरी का आहे’ हा प्रश्न मला खरा वाटतो, आणि ‘विश्व आहे, एवढंच’ या उत्तराने माझं समाधान होत नाही. आमच्या घरी विठ्ठल आहे, आषाढीला उपास आहे. ते मला आईकडून मिळालं, अनुमानातून नाही, आणि त्याला अनुमानाचा टेकू द्यायची गरज मला रामानुज वाचल्यापासून वाटत नाही. पण टेकू नको म्हटल्यावर दुसऱ्याला ‘तू मानलंच पाहिजेस’ म्हणायचा अधिकारही जातो. दीक्षाभूमीवरून आलेल्या त्या मुलीपुढे मी हे कबूल केलं होतं. ती म्हणाली, ‘मग आपण दोघं धर्मकीर्ती एकत्र वाचू शकतो, सर.’ आम्ही वाचला.

आता बाबांशी कसं बोलायचं. त्यांचं घड्याळ पहिल्या झटक्यात मोडू नकोस. त्यांना उदयनाचं एक वाक्य सांग, ‘कुसुमांजली’च्या सुरुवातीलाच आहे. तो म्हणतो, शैव ज्याला शिव म्हणून, बौद्ध ज्याला सर्वज्ञ म्हणून, कारागीरसुद्धा ज्याला विश्वकर्मा म्हणून पुजतात, त्याच्याबद्दल शंका घ्यायची तरी कशी? तरीही ही चर्चा करायची, कारण श्रवणानंतर येणारं मनन ते हेच; ‘उपासनैव क्रियते’, ही उपासनाच चालली आहे. बौद्धांशी आयुष्यभर वाद घातलेला माणूस वादाला उपासना म्हणतो. वडील-मुलाला एका सतरंजीवर बसायला एवढी जागा पुष्कळ झाली.

मग थंडीत एखाद्या रविवारी सकाळी त्यांना गाडीवर मागे बसवून जुनापाणीला घेऊन जा. पाण्याची बाटली ने, तिथे सावली फारशी नाही. वर्तुळ दाखव, दगडांवरचे खळगे दाखव, आणि विचार, ‘हे माणसानं केलं हे तुम्हाला कशावरून कळलं?’ त्यांना उत्तर द्यायला पूर्ण वेळ दे. वारूळ त्यानंतर दाखव.